ओळीतला लव्हाळा

मंगळवार, ता. ३

आज मुकादमाच्या कानाखाली वाजवली. चांगली सणसणीत. त्याच्या तोंडातली काडी उडून चिखलात पडली. त्याच्याच माणसांसमोर पडली म्हणून गालापेक्षा जास्त मनाला लागली असणार. लागू दे.

झालं असं, की पाणथळीच्या मधल्या भागात गुडघाभर पाण्यात उभी राहून मी लव्हाळ्याचे ठोंब तपासत होते. पाणथळ बुजवायला आलेल्या ठेकेदाराचा हा मुकादम काठावरून म्हणतो, "बाई, गवतासाठी एवढी यातायात?" आणि बोलता बोलता बुटानं एक ठोंब उखडून लांब उडवला. गवत म्हणे! गवताची काडी गोल, लव्हाळ्याची तीनधारी. बोटांत फिरवली तर आंधळ्यालाही कळेल. कॉलेजातल्या वाळलेल्या वनस्पतींचा संग्रह सांभाळण्यात माझी उमर गेली, आणि हा मला गवत शिकवतो.

भांडण सोडवायला सरकारी अधिकारी आला. "बाई, आधी हात आवरा, मग बोला," म्हणाला. आवरला आणि बोलले. इथं एकसारखे दिसणारे दोन लव्हाळे आहेत. एक गटाराकडेला कुठंही उगवतो, तो बाहेरून मालाबरोबर आलेला. दुसरा दुर्मीळ. पण ह्या भागापुरतं त्याच्यापुढं पुस्तकात लिहिलंय, 'नोंद संशयास्पद'. कुणीतरी कधीतरी पाहिला म्हणतात, पण तो मूळचा इथला की कुणी आणून लावलेला, हे कुणालाच सांगता येत नाही. दोघांतला फरक पिकलेल्या फळातच दिसतो, आणि फळं अजून हिरवी आहेत.

"दुर्मीळ निघाला आणि आपणहून वाढलेला असला, तर भराव थांबवतो," अधिकारी म्हणाला. "नाहीतर मग तुम्ही थांबायचं." एकवीस तारखेला तो तज्ज्ञाला घेऊन पाहणीला येणार. तोवर ठेकेदारानं मधल्या भागाला हात लावायचा नाही आणि मी कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही. ठेकेदार "हो साहेब, हो साहेब" करत होता. असल्या माणसांचं 'हो' मला चांगलं ठाऊक आहे.

लव्हाळ्याच्या पात्यांनी दोन्ही तळहात चिरलेत. भावजयीनं न सांगता मलम लावायला घेतलं. झोंबलं म्हणून तिचा हात झटकला, तर बाटली पडून फुटली. हातात जीव नाही त्या बाईच्या.

बुधवार, ता. ४

धाकट्या भावाला काम मिळालं. पोकलेन चालवायचं. कुठं, ते सांगेना. भावजय ताटात बोट फिरवत बसली, तेव्हाच मी ओळखलं.

"माझ्या पाणथळीवर?"

"तुझी कधी झाली ती?" तो म्हणाला. "ताई, पावसाळ्यापासून घरी बसलोय. तू कॉलेजात जातेस, मी भिंती बघतो. दुसरं कोण देतंय काम?"

"त्यापेक्षा भीक माग!"

"रोज तुझ्याकडे मागतोच आहे की."

हे ऐकून घ्यायचं? हातातली कपबशी फेकली. त्याला लागली नाही, भावजयीच्या दंडाला लागली. मध्ये कडमडायला तिला कुणी सांगितलं होतं? तिला आत नेताना तो म्हणाला, "मला मार, ताई. तिला नको." जसं काही मी तिला मारलं! लागली. लागणं वेगळं, मारणं वेगळं.

आई गेली तेव्हा हा एवढासा होता. मी ह्याला बडवून बडवून मोठा केला, म्हणून निदान माणसात आला. आता माझ्याच लव्हाळ्यावर भराव घालणार. ह्याच्याशी बोलणं बंद.

शनिवार, ता. ७

संध्याकाळी खिडकीतून दगड आला. काच फुटून माझ्या टेबलावरच्या वाळवणाच्या कागदांवर पसरली. मी दाराचा अडसर उचलून बाहेर धावले. मुकादमाच्या टोळीतले तिघं होते. दोघं पळाले, तिसरा घसरला आणि माझ्या हाती लागला. पाठीत दोन घातल्या. तिसरी घालणार, तेवढ्यात धाकट्यानं मागून माझा हात धरला. "पुरे," म्हणाला. बोलणं बंद असताना म्हणाला.

खोटं कशाला लिहू? मारताना मला बरं वाटतं. डोकं हलकं होतं. नंतर थोडी भीती वाटते, पण ती चहा घेईपर्यंत. माणूस आपल्या वस्तूसाठी चिडतो त्यात वाईट काय? ज्यांना कशाचंच काही नाही ते शांत राहतात.

मंगळवार, ता. १०

आनंदाची बातमी! पोकलेन बंद पडलं. डिझेलच्या टाकीत चिखल गेला म्हणे. आठवड्यात दुसऱ्यांदा. पाणथळीलाच तो भराव नकोय, आणखी काय!

धाकट्या मात्र डोळा सुजवून घरी आला. ओठ फाटलेला. कुठंतरी ढोसून मारामारी केली असणार. मी भावजयीला ऐकवलं, "नवरा आवरता येत नाही तुला?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाणी गरम करायला गेली. ह्या बाईची जीभ लग्नातच कुठं हरवली कोण जाणे. मला तरी तिचं बोलणं आठवत नाही.

शुक्रवार, ता. १३

मिळालं! मिळालं! मिळालं!

पिकलेलं फळ हवं होतं, आणि कुंपणापाशी मला बघितलं की मुकादमाचे लोक दगड उचलतात. काय करावं सुचत नव्हतं. आज सकाळी धुण्याच्या दगडावर, कोरड्या फडक्यावर, लव्हाळ्याची अख्खी काडी! मुळासकट, कणसासकट, एकही फळ न गळलेली. धाकट्याच्या पँटच्या घडीत अडकून आली म्हणे. नशीब म्हणतात ते हे. पण भावजय बादली घेऊन तिथंच उभी होती. एक तांब्या ओतला असता तर सगळं मोरीत गेलं असतं. मी धावत जाऊन आधी तिच्या पाठीत धपाटा घातला, मग काडी उचलली.

"मी ती तुमच्यासाठीच ठेवली होती, वन्सं," ती म्हणाली.

"मग बादली कशाला हातात?"

तिनं बादली खाली ठेवली.

भिंगाखाली धरली. ह्या जातीत प्रत्येक फळाभोवती एक इवलीशी पिशवी असते आणि पिशवीला वर चोच. गटारातल्या लव्हाळ्याची चोच बोथट. हिच्या चोचीला दोन दात! स्वच्छ दोन दात! दहा पिशव्या बघितल्या, दहाही दातेरी. म्हणजे दुर्मीळ तो हाच. मी खुर्चीवरून उठून खोलीतल्या खोलीत चक्कर मारली. सांगायला घरात कुणी नव्हतं. म्हणजे होते दोघं, पण त्याच्याशी बोलणं बंद आणि तिला काय कळणार!

आता फक्त तज्ज्ञानं जागेवर येऊन बघायचं, की हा इथं कुणी न लावता, आपापला वाढलाय.

सोमवार, ता. १६

पोकलेन पुन्हा बंद. ह्या वेळी एक पाईप कापला गेला. धाकट्या वाकून चालतोय, बरगडीला हात धरून. त्या ठेकेदाराच्या माणसांत रोज हाणामाऱ्या होतात म्हणे. असल्या लोकांत उठबस केली की असंच होणार. दया यायला हवी होती, आली नाही.

शनिवार, ता. २१

अक्षर लागत नाही. तरी लिहिते.

तज्ज्ञ म्हातारा, गळ्यात दोरीनं भिंग बांधलेलं. माझी काडी बघितली आणि चक्क टोपी काढली. "हाच तो. शाबास, बाई." तिथंच मला रडू येत होतं. "आता वस्ती दाखवा," म्हणाला.

वस्ती कुठली? मधल्या भागावर मुरूम पसरून सपाट केलेला! बजावून सांगितलेल्या भागावर! ठेकेदार म्हणतो, "साहेब, खुणेच्या खुंट्या कुणीतरी हलवल्या, चूक झाली." आणि माझे ठोंब? ते पलीकडच्या कोपऱ्यात. एका रेषेत. सारख्या सारख्या अंतरावर.

तज्ज्ञ त्या ओळीच्या टोकाशी उभा राहिला, एक डोळा मिटून बघितलं आणि भिंग शर्टात टाकलं. "निसर्ग फूटपट्टी घेऊन बसत नाही, बाई. हे लावलेलं आहे. जात खरी, पण इथली म्हणून मी सही करणार नाही."

"बाईंनीच लावले असतील!" ठेकेदार म्हणाला. "जीव किती आहे बघताय ना." त्याची माणसं खो खो हसली. अधिकारी माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या खिशात हात घातला. म्हणाला, "आठवडाभरात निकाल कळवतो." निकाल काय लागणार ते शेंबड्या पोरालाही कळेल.

तेव्हा मी वर पाहिलं. धाकट्या पोकलेनच्या केबिनमध्ये मान खाली घालून बसला होता. त्याच्या बकेटच्या दातांत काळा चिखल आणि माझ्या लव्हाळ्याची मुळं. त्यानं केलं! माझ्या सख्ख्या भावानं! ठेकेदारानं सांगितलं, बहिणीला खोटं पाड, आणि ह्यानं पाडलं.

घरी तो परसात नळावर हात धूत होता. "ताई, आधी ऐक," म्हणाला. मी ऐकलं नाही. फावडं भिंतीला होतं. पात्याकडून नाही, दांड्याकडून मारलं, एवढी शुद्ध होती मला. तोंडावर बसला. आवाज आला. ओल्या लाकडाचा येतो तसा. तो खाली बसला आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त नळाच्या पाण्यात जाऊ लागलं. दुसरा उगारला, तर भावजय त्याच्या अंगावर आडवी पडली. फटका तिच्या पाठीवर बसला. तिसरा कुणावर बसला ते मला सांगता येणार नाही.

त्यानं हात उचलला नाही. केवढा मोठा झालाय तो. नुसतं ढकललं असतं तरी मी पडले असते.

रविवार, ता. २२

जबडा दोन ठिकाणी मोडलाय. दवाखान्यात तारांनी दात बांधून टाकलेत. पोलीस जबाब घ्यायला आला. धाकट्या मिटल्या दातांतून म्हणाला, "मशीनचा दांडा लागला." पोलिसानं भावजयीकडे पाहिलं. भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

गप्प बसले. मी आत गेले तर लव्हाळ्याचं कोण बघणार? हाच विचार मनात आला. तेव्हा हाच आला, तो लिहून ठेवते.

पोलीस गेल्यावर भावजय मला बाहेरच्या बाकाकडे घेऊन गेली. तिची जीभ हरवलेली नाही, हे मला आज कळलं.

"वन्सं, टाकीत चिखल आपोआप गेला का? पाईप आपोआप कापला गेला? ह्यांना रोज मार कशाचा बसत होता? आणि ती काडी, मुळासकट, पँटच्या घडीत आपली आपण येऊन बसली?"

मी बोटांवर तारखा मोजल्या. दहा, तेरा, सोळा.

"मुकादमानं मधला भाग भरायला सांगितला. आणखी एकदा मशीन बंद पडलं तर पाय मोडू म्हणाले. मग दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा ह्यांनी एकेक ठोंब बकेटनं उचलला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला. पान तुटू दिलं नाही. भराव थांबला की ताई पुन्हा लावेल, म्हणाले."

"पण ओळीत? ओळीत कशाला ठेवले त्या गाढवानं?"

"पोकलेनवाले आहेत ते. माल ओळीतच टाकतात. दुसरं कसं टाकायचं ते त्यांच्या हाताला माहीतच नाही."

"मला सांगायचं तरी!"

"तुमच्या पोटात राहिलं असतं? दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या तोंडावर सांगून आला असतात."

खरं आहे. आले असते. मी बाकावर बसून रडले, नाक पुसायचंही भान नव्हतं. भावजय उभीच होती. तिला बसता येत नव्हतं, पाठीमुळे.

गुरुवार, ता. २६

अधिकाऱ्याच्या दारात तीन दिवस ठाण मांडलं. आज शिपायानं हाकललं तेव्हा हात शिवशिवले, मग खिशात घातले. शेवटी साहेब बाहेर आला. "शनिवारी एकदाच येतो. पुरावा दाखवा. तुमचा त्रागा नको, पुरावा."

पुरावा एकच. भाऊ. ठोंब कुठून उचलले ते फक्त त्यालाच ठाऊक. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माफी मागितली. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मग शनिवारी येशील का विचारलं. भिंतीकडे तोंड ठेवूनच मान हलवली. येतो.

शनिवार, ता. २८

सगळे होते. अधिकारी, तज्ज्ञ, ठेकेदार, मुकादम आणि त्याची टोळी. धाकट्याच्या तोंडाभोवती पट्ट्या, शेजारी भावजय. त्याच्या वतीनं ती बोलली. "हे म्हणतात, वरचे ठोंब उचलले, पण खालचा मुळांचा थर तिथंच राहिलाय, भरावाखाली. उकरून दाखवतो."

तज्ज्ञाचे डोळे लकाकले. "तसं असेल तर प्रश्नच मिटला. लावलेल्याची मुळं वीतभर जातात. जुन्या वस्तीचा थर हातभर असतो, थरावर थर."

"साहेब, कुणाचं ऐकताय?" ठेकेदार म्हणाला. "हा दारुडा. झिंगून स्वतःच्याच मशीनवर थोबाड आपटून घेतलं. पोलिसांत जबाब आहे त्याचा. मशीन बिघडवतो, खोटं बोलतो, आणि ह्याच्या शब्दावर माझा भराव उकरणार?"

अधिकारी घुटमळला. "जबाब आहे का तसा?" धाकट्यानं मान खाली घातली. "मग अवघड आहे," अधिकारी म्हणाला आणि गाडीकडे वळला.

गाडीचं दार उघडेपर्यंत मी उभी होते. मग म्हटलं, "मशीननं नाही मोडला. मी मोडला. फावड्याच्या दांड्यानं. तो शुद्धीत होता. मी नव्हते."

"का?"

"त्यानं माझे ठोंब वाचवले, ते मला कळलं नाही म्हणून."

"बाई, हे मला कळवावं लागेल. पोलीस येतील. नोकरी जाईल."

"कळवा. आधी उकरा."

"गप!" मागून आवाज आला. तारांमागून, थुंकी उडवत. "गप, ताई! गप बस ना!" धाकट्या एवढा चिडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला वाचवायला बोललेलं खोटं मी मोडलं म्हणून चिडला होता.

मग तोच जाऊन पोकलेनवर चढला. बकेट मुरमात घुसलं तसा टोळीतून पहिला दगड सुटला. केबिनची काच फुटली. मुकादम कांब घेऊन धावला, मी आडवी गेले, माझ्या खांद्यावर बसली. हात वर जात नाही अजून. मी खाली पडले तरी त्याचा पाय सोडला नाही, दातांनी चावले. अधिकारी गाडीमागं लपून पोलिसांना फोन करत होता. भावजय केबिनच्या पायरीवर पाठ करून उभी राहिली. दगड येत होते आणि धाकट्या उकरत होता, कपाळावरचं रक्त बाहीनं पुसत, हळूहळू, चमच्यानं काढावं तसा.

मुरूम संपला. खाली काळं निघालं. तज्ज्ञ त्या वयात खड्ड्यात उतरला आणि हातानं एक लगदा उपसून वर फेकला. मुळांवर मुळं, त्यांच्यावर आणखी मुळं, हातभर खोल. सर्वांत खालच्या थरातून त्यानं चिमूटभर चिखल तळहातावर चोळला, भिंग लावलं आणि ओरडला, "दात आहेत! दोन! कुजलेत पण आहेत!"

तोवर पोलीस आले होते. दगड थांबले. "संशयास्पद हा शब्द खोडा," तज्ज्ञ खड्ड्यातून अधिकाऱ्याला सांगत होता. "इथलाच आहे. आपल्यापैकी कुणाच्याही आधीपासून इथलाच आहे."

भराव थांबला. टाकलेला मुरूमही काढून न्यायला सांगितलाय. मी चिखलात बसून हसत होते, तोंडात रक्त होतं, ते माझं की मुकादमाचं कुणास ठाऊक. हसता हसता केबिनकडे पाहिलं. धाकट्यानं इंजिन बंद केलं, उतरला आणि भावजयीचा हात धरून कुंपणाबाहेर गेला.

रविवार, ता. २९

चौकीवर उद्या दहाला बोलावलंय. कॉलेजातून निलंबनाचा निरोप आला. त्याचं फार वाटलं नाही. लव्हाळा राहिला.

धाकट्याला दूध नेलं. त्यानं भांडं घेतलं नाही. नंतर भावजयीनं तेच भांडं नेलं, तर नळीनं सगळं प्यायला. दोघं कपडे बांधताहेत. कुठं जाणार विचारलं, तर तिच्या भावाकडे.

संध्याकाळी भावजय दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "वन्सं, उद्या चौकीवर मीही येते."

मला भरून आलं. एवढं होऊनही ही माझ्यासोबत येते म्हणाली. मी म्हटलं, "तू कशाला त्रास घेतेस? मी सगळं खरं सांगितलंय काल, सगळ्यांसमोर."

"एकाच दिवसाचं सांगितलंत."

"मग तू किती दिवसांचं सांगणार आहेस?"

"लग्न होऊन ह्या घरात आले, त्या दिवसापासूनचं," ती म्हणाली.